कळलावी: भ्यायचं ते भांडणाला नाही

पावसाळा रुळला की पालघर, बोईसर, तारापूरकडच्या वाड्यांच्या कुंपणांवर कळलावी फुलते. रानात तिचं कौतुक, पण कुंडीत लावायची म्हटलं की घरातली थोरली माणसं हात जोडतात. घरात म्हणे भांडणं लागतात!

यात काडीचंही तथ्य नाही. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुईणी कळलावीच्या कंदाचा लेप लावत, नावातली कळ ती ही. शिवाय तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि बियांसाठी तिथे तिची शेतं आहेत. तिथली घरं काही मोडली नाहीत.

भ्यायचं ते विषाला. वेलीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन असतं. डॉक्टर गाउटवर हेच रसायन मोजून देतात, पण कंदातलं प्रमाण कोण मोजणार? रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. उकडला की विष जातं, हाही भ्रमच. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर थांबू नये. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी सरळ दवाखाना गाठावा. वेलीला हात लागला म्हणून मात्र विष चढत नाही. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत, बस.

एकाच वेलीवर हिरवट-पिवळी आणि लालभडक फुलं पाहून दोन जातींचं कलम वाटतं. फूल तेच असतं, वय वाढतं तसा रंग चढतो.

बागेत सर्वाधिक घात होतो तो दिवाळीच्या सुमारास. वेल पिवळी पडून वाळते, माणसं ती मेली समजून कुंडी रिकामी करतात किंवा जगवायला पाणी ओततात आणि कंद कुजवतात. तो जिवंत असतो, नुसता झोपलेला. पाणी बंद करून कुंडी वळचणीला ठेवावी, जूनमध्ये कोंब येतो. लावताना कंद आडवा, दोन-तीन इंच खोल. टोकाचा डोळा मोडला तर तिथून फुटत नाही. पानाच्या शेंड्याचाच ताणा होतो, त्याला जाड बांबू धरता येत नाही, बारीक काटक्या द्याव्यात. रोप नर्सरीतून आणावं, रानातला कंद उपटू नये. घरात लहान मूल असेल तर शेंगा उकलण्याआधीच कापाव्यात, आतल्या लालकेशरी बिया पोरांच्या डोळ्यांत भरतात.