विरार फास्ट आणि बोरिवलीकर

मुंबईत संध्याकाळी अंधेरीला विरार फास्ट लोकल लागली की दारातून हमखास आवाज येतो, "बोरिवलीवाल्यांनी चढू नका, मागून बोरिवली येतेय!" विरारकरांची तक्रार खोटी नाही. त्यांना शेवटपर्यंत जायचंय आणि त्यांच्याकडे गाड्यांचे पर्याय कमी. पण त्या आवाजातली चीड नुसत्या गर्दीची नसते, ती 'आपले' आणि 'परके' या भेदाचीही असते.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचं जवळचं सगळं कुटुंब नाझींच्या संहारात गेलं. माणूस माणसाला परका कधी ठरवतो, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळत राहिला. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांना चित्रकार क्लेची चित्रं आवडणारे आणि कँडिन्स्कीची आवडणारे अशा दोन गटांत विभागलं. खरं तर ती वाटणी चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. कित्येकांनी तर आपल्या गटाला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवेत, असा हिशोब केला. मला हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आणि 'आपले' कोण, हे क्षणात बदलतं. फलाटावरून "आत सरका, जागा आहे!" म्हणून ओरडणारा, दांडा हाताला लागला की मागच्याला सांगतो, "जागा नाही."

दसऱ्याच्या आधी मात्र त्याच डब्यात झेंडूचं तोरण लागतं, आरती होते. तेव्हा पेढा बोरिवलीवाल्याच्याही हातावर पडतो.