विश्लेषण : ट्रेकनंतर पायाचे नख काळे पडले… हा त्वचेचा कर्करोग तर नसेल?

पावसाळा ओसरला की पनवेलकरांचे शनिवार-रविवार घराबाहेर जातात. कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण, गाढेश्वरचा परिसर अशा महिनाभरात चार-पाच फेऱ्या सहज होतात. मान आणि हात रापतात, पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडते, तळव्यावर कधी न दिसलेला ठिपका दिसतो. मोबाइलवर शोधले की दोन-तीन ओळींतच ‘कर्करोग’ हा शब्द समोर येतो आणि झोप उडते. ही भीती बहुतेक वेळा निराधार ठरते. मात्र आपण घाबरतो एका ठिकाणच्या डागाला आणि खरा धोका असतो दुसरीकडेच, असेही होते. तो कुठे असतो, याविषयी…

त्वचेचा कर्करोग आपल्याकडे किती आढळतो?

भारतात निदान होणाऱ्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास मानला जातो. ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतील गोऱ्या लोकांच्या तुलनेत हे प्रमाण फारच कमी आहे. याचे श्रेय त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याला. सावळ्या आणि काळ्या त्वचेत ते जास्त असते, अधिक सलग पसरलेले असते आणि अतिनील किरणांचा बराच भाग अडवते.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा संथपणे वाढतो आणि क्वचितच पसरतो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा बरी न होणारी जखम किंवा खरखरीत गाठ म्हणून दिसतो. तिसरा मेलॅनोमा सर्वांत दुर्मीळ, पण सर्वांत घातक. तो रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींत सुरू होतो आणि वेळीच काढला नाही तर इतर अवयवांत पसरतो.

मग धोका नेमका कुठे?

गोऱ्या लोकांत मेलॅनोमा बहुतेकदा उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर दिसतो. भारतीयांत तो प्रामुख्याने पायाचे तळवे, तळहात, नखांखालची त्वचा आणि तोंडासारख्या ठिकाणचे अंतस्त्वचेचे भाग येथे आढळतो. या जागा उन्हात फारशा येत नाहीत. त्यामुळे दंड रापला म्हणून काळजी करणारी व्यक्ती तळव्याकडे बघतच नाही.

तळव्यावरच्या डागाला कुरूप, नखाखालच्या काळेपणाला मार लागल्याची खूण आणि बऱ्या न होणाऱ्या जखमेला ‘शुगरची जखम’ ठरवून दिवस काढले जातात. कुणी कुरुपाची पट्टी लावतो, कुणी ब्लेडने तासतो, कुणी चुना लावतो. त्यात महत्त्वाचे महिने निघून जातात.

जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्याबाबत असेच घडले. पायाच्या अंगठ्याची तक्रार सुरुवातीला फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली गेली. १९७७ मध्ये तो नखाखालचा मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. पुढे तो शरीरात पसरला आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ट्रेकनंतरचे काळे नख कसे ओळखायचे?

कलावंतीणसारखा उभा चढ उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो. नखाखालची बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त साकळते. आधी लालसर-जांभळा, मग काळा दिसणारा हा डाग निरुपद्रवी असतो.

फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डागाची हालचाल. साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि त्याच्यामागे मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. मात्र पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे पूर्ण नख नव्याने यायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून आठवड्याभरात डाग गेला नाही याचा अर्थ काहीतरी भयंकर आहे, असा नव्हे. शेजारी मोजपट्टी ठेवून, सारख्या उजेडात फोटो काढा आणि महिन्याने पुन्हा काढा. डाग पुढे सरकला असेल तर चिंता नको. तेवढाच किंवा रुंद झाला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

महिनाभर थांबण्याची ही सवलत केवळ मार लागल्याचे नक्की आठवत असेल तरच. मार न लागता एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत तपकिरी-काळी उभी रेघ आली, ती रुंदावू लागली किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या त्वचेवर उतरला, तर थांबू नये. ब्रिटिश शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्येच या लक्षणाकडे लक्ष वेधले होते. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अनेक नखांवर वर्षानुवर्षे असलेल्या फिकट रेघा मात्र सावळ्या लोकांत सर्रास आढळतात आणि बहुधा निरुपद्रवी असतात.

तीळ, चामखीळ, डाग यांचे काय?

जन्मापासूनचे लासे, चेहऱ्यावरचे वांग, वयपरत्वे मानेवर येणारे बारीक मस यांना घाबरण्याचे कारण नाही. पाच गोष्टी पाहाव्यात : डागाचे दोन अर्धे भाग एकसारखे नसणे, कड वेडीवाकडी असणे, एकाच डागात अनेक रंग असणे, आकार सहा मिलिमीटरहून मोठा असणे आणि डाग बदलत जाणे. यातील शेवटची सर्वांत महत्त्वाची. वीस वर्षे जसाच्या तसा असलेला तीळ आणि तीन महिन्यांत दुप्पट झालेला तीळ यांत मोठा फरक आहे. खाज, रक्त येणे, खपली धरून पुन्हा जखम होणे हेही इशारेच.

ऊन नाही, मग कर्करोग कशामुळे?

तळव्यावरच्या मेलॅनोमाचे नेमके कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. स्क्वेमस सेल कार्सिनोमाबाबत मात्र महाराष्ट्राकडे जुना अनुभव आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ‘धोती कॅन्सर’ची नोंद केली. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचाने त्वचा वर्षानुवर्षे घासली जाते, तिचा रंग जातो, जखम होते आणि क्वचित त्याच जागी कर्करोग होतो.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वयस्क महिलांची अशीच उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली. एकीच्या कमरेवर परकराची नाडी, तर दुसरीच्या कमरेवर लुगडे अनेक वर्षे घट्ट बांधले जात होते. बरी न होणाऱ्या जखमेचे रूपांतर दोघींतही कर्करोगात झाले होते आणि एकीत तो लसिका ग्रंथीपर्यंत पोहोचला होता. असे रुग्ण फार थोडे. पण नाडी सैल ठेवणे, तिच्याऐवजी रुंद पट्टा वापरणे, गाठीची जागा बदलणे यात खर्च काहीच नाही. जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्याने जखम झाली, तर तीही तपासून घ्यावी.

बायोप्सी केल्याने कर्करोग पसरतो का?

नाही. ‘सुई लावली की पसरतो’ हा समज घरोघरी आहे आणि तपासणी लांबवण्याचे ते मोठे कारण ठरते. तज्ज्ञ आधी डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणाने डाग पाहतात आणि बऱ्याच जणांची शंका तिथेच मिटते. गरज भासल्यास भूल देऊन त्वचेचा तुकडा घेतात. त्यातूनच निदान पक्के होते आणि मेलॅनोमा किती खोल गेला आहे हे कळते. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा मेलॅनोमा बहुधा शस्त्रक्रियेने बरा होतो. खोली वाढते तसा धोका वाढतो.

मग सनस्क्रीन लावायचे की नाही?

लावावे. एप्रिल-मेमध्ये मुंबई परिसरात भर दुपारी अतिनील निर्देशांक अनेकदा ११च्या पुढे, म्हणजे ‘अतितीव्र’ श्रेणीत जातो. त्वचा भाजणे, वांग, अकाली सुरकुत्या यांपासून सनस्क्रीन, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वाचवतात. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांना तर हे अत्यावश्यक. मात्र सनस्क्रीन लावले म्हणजे तळव्यांची तपासणी झाली, असे होत नाही.

पनवेलमध्ये तपासणी कुठे?

पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञांची. खासगी दवाखान्यांबरोबरच कामोठे, नवी मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. कर्करोगाचे निदान झालेच, तर टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे केंद्र पनवेल तालुक्यातच, खारघरला आहे. खानोलकर यांनी ज्या कर्करोग संशोधन संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, तीच पुढे इथे आली.

महिन्यातून एकदा अंघोळीनंतर तळवे, बोटांच्या बेचक्या, नखे आणि कंबर पाहायला पाच मिनिटे पुरतात. घरातल्या वयस्कांना वाकून स्वतःचे तळवे दिसत नाहीत, मधुमेह असेल तर जखम जाणवतही नाही. त्यांचे पाय घरातल्या कुणीतरी पाहावेत. चार आठवड्यांत न भरलेली जखम कोणतीही असो, ती डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे.