मुंबईच्या प्लेगचा आलेख: आकडे जुळले, पण कारण?

"रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होतायत!" साथीच्या काळात अशा पोस्ट धडाधड फॉरवर्ड होतात. एकदा हिशोब करून बघा. आज १० रुग्ण असतील आणि ते दर आठवड्याला दुप्पट झाले, तर १० आठवड्यांनी १०,२४० होतील आणि २० आठवड्यांनी एक कोटीच्या वर. ही घातांकी वाढ. साथीच्या सुरुवातीला ती बरेचदा खरी असते, पण कायम टिकत नाही. तेवढी माणसं आणायची कुठून?

म्हणून लॉजिस्टिक मॉडेल वापरतात. यात एक कमाल मर्यादा धरलेली असते. आकडा तिच्याजवळ जाईल तसा वाढीचा दर घटतो आणि रेषा शेवटी सपाट होते. मर्यादेच्या निम्म्यावर पोहोचतो तेव्हा नव्या रुग्णांचं शिखर येतं. गोम अशी, की सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही रेषा जवळपास सारख्याच दिसतात. त्यामुळे तेव्हाच शिखराची तारीख सांगणाऱ्यांवर फार विसंबू नका.

आता मुंबईकडे येऊ. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या प्लेगच्या हंगामात आठवड्याचे मृत्यू एप्रिलच्या सुमारास ९०० च्या आसपास गेले आणि मग उतरले. १९२७ मध्ये एडिनबराच्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी हेच आकडे घेतले. (मॅकेंड्रिक त्याआधी भारतात, कसौलीच्या पाश्चर संस्थेत होते.) त्यांच्या समीकरणातून निघालेली घंटेच्या आकाराची रेषा आकड्यांवर सुरेख बसली. मृत्यूंची बेरीज करत गेलात तर तीच लॉजिस्टिक रेषा होते.

त्या समीकरणात साथ ओसरते, कारण लागण होऊ शकेल अशी माणसं कमी होत जातात. पण त्या हंगामातले मृत्यू होते सुमारे ९,०००, आणि शहराची वस्ती नऊ-दहा लाख! प्लेग झालेले बहुतेक जण तेव्हा दगावत. म्हणजे लागण न झालेले लाखो लोक शहरात होतेच.

खरा मामला उंदरांचा आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचा. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब, असं खुद्द कर्मॅक-मॅकेंड्रिक यांनीही लिहिलं होतं. उन्हाचा कडाका वाढला की पिसवांमार्फत होणारा प्रसार मंदावे. सपाट झालेली लॉजिस्टिक रेषा पुन्हा वर चढत नाही. मुंबईत १८९६ मध्ये शिरलेला प्लेग मात्र हिवाळा आला की वर्षानुवर्षं पुन्हा डोकं काढत राहिला.