लग्न लेकराचे, तब्येत आईबापांची

सुपारी फुटली, लग्न ठरले, की याद्या होतात. कोणी काय द्यायचे, मानपान कोणाचा, पाहुणे किती, सारे कागदावर उतरते. मग घरची आणखी एक यादी होते. तांदूळ किती, तेल किती, आचारी कोण, मांडव कोणाचा, वाजंत्री कुठले. हळकुंडापासून विहिणीच्या साडीपर्यंत सगळे त्यात असते. एकच गोष्ट नसते. आईची आणि बापाची तब्येत.

"अवो, माझं काय घेऊन बसलात? एकदा अक्षता पडू द्या, मग बघू दवाखान्याचं." असे बोल आम्ही किती घरांत ऐकले आहेत! माउली बोलते ते मनापासून बोलते. पण अक्षता पडायच्या आत तीच पडली तर? मुहूर्ताची वेळ झाली आहे, भटजी खोळंबले आहेत, वधूमाय ओसरीवर आडवी आहे आणि लेक हळदीच्या अंगाने तिच्या तोंडावर पाणी मारते आहे. असे होते, बरे का मंडळी. आणि बहुतेक वेळा ते टाळता येते.

म्हणून यादीत पहिली ओळ अशी लिहा: दवाखाना, दोघांनी जाणे. लग्नाला महिना दीड महिना असतानाच जावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि रक्तातले लोह-द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, तपासून मिळते. कुठे जायचे ते गावच्या आशाताईला विचारा, ती सांगेल. कागदावर आकडे येतील. ते वाचायला घाबरू नका. रक्तदाबाचे दोन आकडे असतात. वरचा १४० किंवा खालचा ९०, यांच्यावर पुन्हा पुन्हा आला तर औषध लागते का ते डॉक्टरांना विचारावे. हिमोग्लोबिन बाईचे १२ पेक्षा कमी, पुरुषाचे १३ पेक्षा कमी असले, तर अंगात रक्त कमी आहे असे समजावे.

आपल्याकडे पुष्कळ बायांना रक्त कमी असते आणि त्यांना ते ठाऊकच नसते. जिना चढताना धाप लागते, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाई म्हणते, "वय झालं आता." वय नव्हे ते, लोह कमी पडले आहे. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. त्या घेतल्यावर शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. गोळी आणि चहा एका वेळी घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू किंवा आवळा बरोबर असला तर ते चांगले लागते. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, अळीव, तीळ हे तर घरातच आहे. पण आठ दिवसांत रक्त वाढत नाही, त्याला महिने लागतात. म्हणूनच आधी जायचे. शेवटच्या आठवड्यात सलाईन लावून ताकद येते, हा समज खोटा आहे.

आता कामाचे पाहू. मांडव पडायच्या आधी घरात पापड, कुरडया, शेवया होतात. कुरडयांचा चीक हाटणे म्हणजे काय, ते हाटणारीच जाणे! चुलीचा धूर, हातात जड पळी आणि वाकलेली कंबर. हे काम एकटीने अंगावर घेऊ नये. आळीतल्या चारजणी बोलवाव्यात. गाणी होतील, गप्पा होतील आणि कंबरही राहील. धान्याचे पोते बापाने एकट्याने उचलून मर्दुमकी दाखवू नये. लग्नाच्या तोंडावर पाठ धरली, की वरातीत लंगडत चालावे लागते.

झोपेची गोष्ट अशीच. जागरण-गोंधळाची एक रात्र जागावी, ती देवाची. बाकीच्या रात्री हिशेब करीत छताकडे बघत काढू नयेत. मनातला हिशेब झोपू देत नाही, वहीतला हिशेब झोपू देतो. आता तुम्हाला लिहिता येते. रात्री निजण्याआधी खर्च वहीत मांडा, उद्याची कामे लिहा आणि वही मिटा.

मग केळवणे सुरू होतात. आज मावशीकडे पुरणपोळी, उद्या आत्याकडे श्रीखंड, परवा शेजारी जिलबी. माया असते ती, नाही म्हणवत नाही. पण ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी "थोडंसंच वाढा, मला डॉक्टरांनी सांगितलंय" असे मोकळे बोलावे. आजार लपवून खाण्यापेक्षा सांगून कमी खाणे बरे. रागावतील ते दोन दिवस रागावतील.

आता सगळ्यात महत्त्वाचे, उपासाचे. कन्यादान होईपर्यंत आईबापांनी जेवायचे नाही, अशी पुष्कळ घरांत रीत आहे. रीतीला आम्ही नावे ठेवीत नाही. पण मुहूर्त बाराचा असला, तर वऱ्हाड येते साडेबाराला. नवरदेवाची मिरवणूक पारावरून हलत नाही. दीड वाजतो, दोन वाजतात. ज्याने सकाळी साखरेची गोळी घेतली, किंवा इन्सुलिनची सुई टोचली, आणि पोटात काही नाही, त्याची साखर एकदम खाली उतरते. हात कापतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते, माणूस उगाच चिडतो. लोकांना वाटते, लेकीच्या मायेने जीव घाबरा झाला. तसे नसते. अशा वेळी ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी आणि मग काही खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

याहून चांगले म्हणजे अशी वेळच आणू नये. उपास धरायचा की नाही, आणि धरला तर त्या दिवशी गोळी कशी घ्यायची, हे आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. रक्तदाबाची गोळी तर लग्नाच्या दिवशीही चुकवायची नाही. दूध-फळे घेऊन उपास चालतो का, हे भटजींना आधीच विचारा. पुष्कळ भटजी हो म्हणतात. कोणी नाहीच म्हणाले, तर आजारी माणसाऐवजी धाकट्या दीर-जावेने विधीला बसावे. तसे पुष्कळ ठिकाणी बसतातही. कन्या तेवढीच त्यांची असते.

पाण्याचेही असेच आहे. आपल्याकडे शेतकऱ्यांची लग्ने बहुधा चैत्र-वैशाखात होतात. ऊन डोक्यावर, अंगावर जरीची साडी, बापाच्या डोक्याला फेटा. आणि आई पाणी पीत नाही. का पीत नाही? जायचे कुठे, हा तिचा प्रश्न असतो. मांडवात पाचशे माणसे, शौचालय एक किंवा तेही नाही. ही गोष्ट बाई बोलत नाही आणि गड्यांच्या ध्यानात येत नाही. मग लघवीला जळजळते, डोके दुखते, ऊन लागते. मांडव घालताना बायांच्या सोयीसाठी शेजारचे एखादे शौचालय मागून घ्यावे, तिथे पाणी भरून ठेवावे. रोषणाईचा एक दिवा कमी लावला तरी चालेल.

घाम फार गेला तर साखर-मिठाचे पाणी प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाटच घ्या, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या रोग्याने मात्र हे आधी विचारून घ्यावे, साध्या पाण्याला कोणाची ना नाही. अंग तापून बरळायला लागले, तर ते ऊन लागणे साधे नव्हे. सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ ला कळवा. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, गार घाम सुटला, तर "पित्त झालंय" म्हणून सोडा पाजत बसू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते. पंगत थांबली तरी चालेल, गाडी थांबता कामा नये.

शरीराचे झाले. पण आमचा अनुभव असा, की पुष्कळ आईबापांची झोप तब्येतीने जात नाही, भीतीने जाते. विहीणबाई शिकलेल्या, व्याही नोकरीतले, आपण अडाणी. चारचौघांत बोलायला जीभ उचलत नाही. मंडळी, तुम्ही पोर वाढवले, शिकवले, हे काय कमी झाले? बोलायची तयारी करता येते. "या, बसा, प्रवास कसा झाला" एवढे तीन बोल पुरतात. पत्रिका छापून आली की मोठ्याने वाचा. नावे बरोबर आहेत का, तारीख बरोबर आहे का, तुम्हीच तपासा. लग्नाची नोंदणी गावात ग्रामपंचायतीत होते. त्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक तुमची असू द्या. अंगठा नव्हे, सही.

आणि एक भीती पैशाची. ऐन वेळी कोणी अडून बसले, "एवढे द्या, नाहीतर वरात परत नेतो" म्हणाले, तर बापाचे पाय लटपटतात. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे गुन्हा आहे, आणि देणेही गुन्हाच आहे. तेव्हा याद्यांच्या वेळीच, चार माणसांदेखत, आम्ही हुंडा देणार नाही असे स्पष्ट बोलावे. असे बोलून जमलेली सोयरीक टिकते. न जमली तर लेक घरी आहे, कर्ज तर नाही. लेक १८ वर्षांची आणि मुलगा २१ चा पुरा झालेला असावा, हे सांगायला नकोच. जमीन गहाण टाकून बुंदी वाढणाऱ्याला दुसऱ्या वर्षी झोपेची गोळी लागते, असे आम्ही पाहिले आहे.

लग्नाच्या दिवशीचे एक काम मामाकडे द्या. आईबापांच्या गोळ्या, साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली एका पिशवीत घालून ती त्याने खांद्याला लावावी. गोळी कोणी किती वाजता घ्यायची, ते कागदावर लिहून पिशवीत ठेवावे. दोघांनी दोन घास खाल्ले का, हे त्यानेच पाहावे. पाठवणी झाली की घर रिकामे होते. त्या रात्री आईला एकटी सोडू नका, बापालाही. दोघांना जेवू घाला, रडायचे तर रडू द्या आणि लवकर निजवा. मांडवातली भांडी दुसऱ्या दिवशी घासली तरी चालतात.