इंजेक्शननंतरचे आठवडे

फ्रोझन शोल्डरच्या पेशंटला फिजिओथेरपिस्ट आधी हात वर करायला लावत नाही. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगते. समोरच्या पन्नाशीतल्या काकूंचा पंजा सरळ समोरच राहतो. थेरपिस्टने स्वतः वळवून पाहिला, तरी तिथेच अडतो. एक्स-रे मात्र स्वच्छ. वेणी घालणं, दोरीवर कपडे टाकणं कधीचं बंद आहे. काकूंना मधुमेह आहे आणि मधुमेहींत हे दुखणं जास्तच आढळतं.

सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड होतं, आक्रसतं. परवाच सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टरांनी मागच्या बाजूने सांध्यात इंजेक्शन दिलं: 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन आणि बधिर करणारं लिग्नोकेन. काही मिनिटांचं काम. स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर वाढेल, घरी तपासत राहा, असंही बजावलं.

खरी मेहनत आता, या टेबलावर. थेरपिस्ट एका हाताने खांद्याचं पातं दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत हलके हलके मागे सरकवते. पातं मोकळं सोडलं, की सांधा न हलताच हात वर गेल्यासारखा दिसतो.

“काकू, खांदा कानाकडे नेऊ नका.”

“मी कुठे नेतेय? तोच जातोय!”

मग उताणं झोपून काठीचा व्यायाम. त्यानंतर चांगला हात टेबलावर टेकवून वाकायचं आणि दुखरा हात लोंबता सोडून झुलवायचा. हा झोका बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नावही त्यांनीच 1934 मध्ये दिलं. पूर्वी काकू इतक्यानेही कळवळत. आज बोलत बोलत करताहेत, ती इंजेक्शनची करामत. ओढाताण मात्र इथे कुणी करत नाही. कळ दाबून ताणलेला सांधा रात्री जास्तच ठणकतो.

ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेली चाचणी 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांपैकी कुठलाही उपाय वर्षअखेर ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून माझं मत सुरुवात सुईने आणि काठीने करण्याचं.

इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांचाच असतो. बरं वाटलं म्हणून अनेकजण नेमके तेव्हाच व्यायाम सोडतात. इंजेक्शनची तारीख घ्याल, तेव्हाच फिजिओथेरपीचीही घ्या.