मधल्या सुट्टीतली दादागिरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘पहिली-दुसरीतली पोरं ती, त्यांची कसली दादागिरी? आत्ता भांडतील, आत्ता गळ्यात गळे घालतील.’ पालकसभेत हे हमखास ऐकू येतं आणि ते बरंचसं खरंही आहे. या वयातली बहुतेक भांडणं घंटा व्हायच्या आत मिटतात. प्रश्न आहे तो न मिटणाऱ्यांचा. शाळकरी मुलांचा 1970 च्या दशकापासून अभ्यास केलेले नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी दादागिरीच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि सोसणाऱ्याची ताकद कमी पडते. ही ताकद अंगातलीच असते असं नाही. आपल्या बाजूने चारजण उभे असणं हीसुद्धा ताकदच.

पकडापकडीत रोज एकाच मुलावर राज्य येतं. तो सुटायच्या बेतात आला की नियम बदलतो. बरोबरीच्या मुलीला ‘तू लिंबूटिंबू’ म्हणून मोजायचंच नाही, असं तिघी-चौघी आधीच ठरवून येतात. लांबून पाहणाऱ्याला हा खेळच वाटतो; कधीकधी सोसणारं मूलही उसनं हसत असतं. ओळखायचं कसं? खऱ्या खेळात राज्य फिरतं, इथे ते फिरत नाही.

दुसरा गैरसमज शिक्षकांचा: ‘मैदानावर आम्ही असतोच, तसं काही असतं तर दिसलं असतं.’ कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी 1990 च्या दशकात मुलांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन लावले आणि लांबून मैदानाचं चित्रीकरण केलं. त्रास देण्याच्या शंभर प्रसंगांपैकी जेमतेम चारांत मोठी माणसं मध्ये पडली होती. सरासरी प्रसंग मिनिटभरही चालत नव्हता. एक धक्का, एक टोपणनाव, हिसकावलेली बाटली, की संपलं. आपल्याकडे तर त्या वेळी बाई खिचडीच्या पंगतीत गुंतलेल्या असतात आणि प्रकार घडतो नळाच्या रांगेत, जिन्याखाली, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. त्यामुळे ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘घडलं नाही’ असं धरून चालणं धोक्याचं.

त्यांच्याच संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. दर दहापैकी आठांहून जास्त प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. त्यातलं कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. पण मध्ये पडणारं मूल क्वचितच निघत होतं. म्हणजे समजावायचं ते केवळ दोघांना नाही, बघ्यांनाही.

नेमकं तिथेच आपण मुलांची तोंडं बंद करतो. ‘बाई, हा बघा ना’ म्हणत आलेल्याला ‘चहाडी करू नकोस’ म्हणून परत पाठवतो. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं वेगळं आणि कोणाला त्रास होतोय म्हणून सांगणं वेगळं. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक शिकवावा लागतो, तो आपोआप येत नाही. तक्रारपेटीचा इथे फारसा उपयोग नाही. जोडाक्षरांशी झगडणारं मूल त्यात काय लिहून टाकणार?

‘तूही एक ठेवून दे’ हा घरचा सल्ला. ताकद बरोबरीची असती, तर मूल तुमच्याकडे आलंच नसतं. ‘हात मिळवा आणि सॉरी म्हणा’ हेही तसंच, भांडणाला चालतं, इथे नाही. दोघांना समोरासमोर उभं केलं की सोसणारं मूल आणखी गप्प होतं. आधी त्याच्याशी एकट्याने बोलावं. आणि त्रास देणारं मूल ‘वाया गेलेलं’ असतं, ही समजूतही सोडायला हवी. पुष्कळदा ते वर्गातलं हुशार, सगळ्यांना हवंहवंसं वाटणारं असतं.

‘कोणी त्रास देतं का?’ असं विचारलं, की उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्यापेक्षा आज डबा कोणाशेजारी खाल्लास, राज्य कोणावर होतं, ते विचारा. डबा तसाच परत येत असेल, मूल शाळेत लघवीला जायचंच टाळत असेल, तर समोरच्या मुलाच्या आईला गाठण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा. शाळेने दाद दिली नाही, तर 1098 हा मुलांसाठीचा मदतक्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.