संगणकातील अज्ञात नोंदींचा शोध

कार्यालयांतून व शाळांतून वापरल्या जाणाऱ्या विंडोज संगणकाच्या बहुतेक मांडणीविषयक नोंदी ‘रजिस्ट्री’त असतात, परंतु त्यांतील अनेकींची माहिती पुस्तिकांत आढळत नाही. अशी नोंद हुडकण्यास मायक्रोसॉफ्टचे ‘प्रोसेस मॉनिटर’ हे विनामूल्य साधन उपयुक्त ठरते. ते चालू ठेवून पडद्यावरील इष्ट पर्याय बदलावा व ‘रेगसेटव्हॅल्यू’ या क्रियेपुरती यादी गाळून घ्यावी. त्याच वेळी इतर प्रणालीही नोंदी लिहीत असतात. म्हणून पर्याय पूर्ववत करून तीच नोंद पुन्हा बदलते काय, हे पडताळावे. हाताने बदल करण्यापूर्वी त्या विभागाची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून अवश्य जतन करावी, कारण रजिस्ट्री संपादकात केलेला बदल मागे घेण्याची सोय नाही आणि चुकीच्या नोंदीने संगणक बंद पडण्याचा संभव असतो. सापडलेली नोंद दिनांकासह दप्तरी लिहावी, म्हणजे बदलून येणाऱ्या कर्मचाऱ्यास तोच शोध पुन्हा करावा लागणार नाही.